नत्थूनं न टाकलेलं नाव

आमच्या नागपूरच्या इतवारीत भांड्यांची दुकानं एका ओळीनं आहेत. त्यात माझं दुकान शोधायचं असेल तर पाटी बघत बसू नका, कान द्या. जिथून दिवसभर घर्र घर्र आवाज येतो ते माझं. हा आवाज माझा नव्हे, माझी सून काहीही म्हणो. तो नत्थू सोमकुवरच्या मशीनचा आहे.

नत्थू गेली अडतीस वर्षं माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावं टाकतो. आला तेव्हा त्याच्याकडे एक छिन्नी आणि बोटभर हातोडी होती. ठिपक्याठिपक्यांनी अक्षर उमटायचं. मग विजेवर चालणारी, लेखणीसारखी धरायची मशीन आली. आता समोरच्या दुकानात कॉम्प्युटरवर नाव टाकून मिळतं, वर मोर किंवा गुलाब फुकट. तरी लोक नत्थूकडे येतात, कारण त्याचं अक्षर. लग्नाचं आंदण घ्यायला सावनेर-नरखेडकडून आलेली माणसं दोन तास थांबतील, पण नाव नत्थूच्याच हातचं घेतील. मी त्यांना चहा पाजतो आणि मनातल्या मनात कुरकुरतो.

नाव टाकायचं म्हणजे नुसतं नाव टाकून भागत नाही, आधी काय लावायचं ते महत्त्वाचं. नवरीच्या भांड्यावर चि. सौ. कां., लग्न झालेलीला सौ., गेलेल्या माणसाला कै. हे मला लहानपणापासून ठाऊक. पण नत्थूच्या लष्करीबागेतून येणारी गिऱ्हाइकं बौद्ध. त्यांच्यात हयात माणसाच्या नावाआधी आयु. लावतात, म्हणजे आयुष्मान, आणि गेलेल्या माणसाला कालकथित म्हणतात. सुरुवातीला एका बाईंच्या सासऱ्यासाठी मी चिठ्ठीवर कै. लिहून दिलं, तर नत्थूनं चिठ्ठी परत आणून दिली. "मनोहरराव, आमच्यात कैलासात कोनी जात नाई," म्हणाला. तेव्हापासून चिठ्ठ्या लिहिण्याचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं.

प्रशिक हा नत्थूचा मुलगा. त्याच्याविषयी लिहायचं म्हणून तर बसलोय. तो सैन्यात होता. शांतिसेनेसोबत दक्षिण सुदानला गेला आणि तिथं मारला गेला. चोवीस वर्षांचा होता. वर्तमानपत्रात फोटो आला, वस्तीतल्या चौकाला त्याचं नाव मिळालं. पण त्या फोटोतला ताठ मानेचा जवान माझ्या फारसा ओळखीचा नाही. मी ज्याला ओळखतो तो प्रशिक माझ्या पायरीवर भांडी वाचायला शिकला.

त्याची आई अंजनाबाई शाळेत पोरांची खिचडी शिजवायला जायची, म्हणून हा शाळा सुटली की दुकानात. पुस्तकातला 'क कमळाचा' त्याला कधी आवडला नाही. त्याला अक्षरं स्टीलवरची पाहिजेत. बाप लिहायचा आणि हा बोट फिरवत मोठ्यानं वाचायचा, "सौ. गोपिकाबाई यांजकडून सप्रेम भेट." दुकानांची सगळी ओळ ऐकायची. कोण कोणाला काय देतंय ते आमच्या बाजारात प्रशिकमुळे जगजाहीर व्हायचं. एकदा एका गृहस्थानं दोन बहिणींसाठी पाण्याचे दोन गुंड, म्हणजे हंडे, घेतले, एक मोठा, एक लहान, आणि प्रशिकनं नावं वाचली तेव्हा धाकटी बहीण नेमकी दुकानात उभी होती. पुढचं सांगत नाही. मी प्रशिकचा कान धरला, पण हसूही आवरत नव्हतं.

मोडीत आलेली जुनी पितळी भांडी वितळायला जायची, त्यांच्यावरची नावंही तो वाचायचा. "काका, ह्या बायजाबाई कुठं गेल्या?"

"मोठ्या गावाला गेल्या."

"आन त्यायचं नाव?"

"ते आता भट्टीत जाईल."

त्याला ते काही पटलं नाही. मग त्यानं स्वतःच एक रीत पाडली. मोडीचं पोतं बांधायच्या आधी प्रत्येक भांड्यावरचं नाव एकदा मोठ्यानं वाचायचं. मी चिडायचो, उशीर होतोय म्हणायचो. पण हमाल थांबायचे, आणि खरं सांगायचं तर मीही थांबायचो.

दहावीनंतर तो उंच झाला, एकदम बांबू. डोक्यात भरतीचं वेड शिरलं. पहाटे कस्तुरचंद पार्कवर पळायचा आणि तसाच घामेजलेला पायरीवर येऊन बसायचा. पहिल्या भरतीत छाती अर्ध्या सेंटिमीटरनं कमी पडली. आठवडाभर तोंड पाडून बसला होता. मी म्हटलं, "अरे, छाती नाही तर नाही, जीभ तर लांब आहे. तिचं माप द्यायचं होतं." तेव्हा कुठं हसला. दुसऱ्या वर्षी निवड झाली, आणि ट्रेनिंगला सागरला गेला.

जाताना नत्थूनं त्याला एक स्टीलचा गिलास दिला. त्यावर लिहिलं होतं, आयु. प्रशिक नत्थू सोमकुवर. घरच्या भांड्यावर नत्थूनं नाव टाकल्याचं मी तेवढं एकदाच पाहिलं. त्याच्या घरात एकाही ताटावर नाव नाही. दिवसभर दुसऱ्यांची नावं टाकून घरी गेल्यावर मशीन डोळ्यांसमोर नको वाटते, असं तो म्हणायचा. मी प्रशिकला म्हटलं, "आता सगळी पलटण तुझ्याच गिलासानं पाणी पिणार बघ."

"नाव आहे म्हून तर नाई पिनार, काका. म्हून तर बाबानं टाकलं."

सुट्टीवर आला की ट्रंक घरी टाकायचा आणि तासाभरात पायरीवर हजर. मोठी परात किंवा गंज, म्हणजे भात शिजवायचं उंच पातेलं, असला की नाव टाकताना कुणीतरी घट्ट धरावा लागतो, नाहीतर भांडं थरथरतं आणि अक्षर वाकडं जातं. ते धरायचं काम प्रशिकचं. बापलेक गुडघ्याला गुडघा लावून बसायचे, मध्ये परात, आणि एकमेकांशी एक अक्षर बोलायचे नाहीत. मला त्यांचा हेवा वाटायचा. माझा मुलगा माझ्याशी फक्त जीएसटीबद्दल बोलतो.

मग सुदानचं निघालं. वर्षभरासाठी जायचं होतं. तिथून आठवड्याला एकदाच दहा मिनिटं फोन लावता यायचा, आणि प्रशिकची पाळी शनिवारी सकाळी अकराला, आपल्या घड्याळानं. सोमकुवरांच्या घरात तेव्हा एकच साधा मोबाइल होता, तो नत्थूच्या खिशात, आणि तो बहुतेक वेळा बंद. म्हणून प्रशिकनं माझा नंबर दिला. सैन्याच्या कागदावरही तोच लिहून दिला होता, हे मला नंतर कळलं.

शनिवारी अकरा वाजता नत्थू मशीन बंद करायचा. तो आवाज थांबला की शेजारचे दुकानदार विचारायचे, लाइट गेली काय? फोन वाजला की मी दोन शब्द बोलून तो नत्थूच्या हाती द्यायचो. अंजनाबाई त्या वेळी शाळेच्या चुलीपाशी असायची. घरी गेल्यावर नत्थू तिला सांगायचा, तेवढंच तिच्या वाट्याला यायचं.

प्रशिकचे ते फोन म्हणजे आम्हाला मेजवानी. तिथली माती लाल, माणसं ताडमाड उंच, गाई हातभर लांब शिंगांच्या. एकदा म्हणाला, "काका, इथी बी आपला धंदा सुरू केला मी."

"कसला रे धंदा?"

"पान्याच्या टँकरवर बाया येतात. सगळ्यायची भांडी एकसारखी, अल्युमिनियमची. रोज भांडण. ही म्हणते माह्यं, ती म्हणते माह्यं. मी एका बाईच्या गंजावर खिळ्यानं तिचं नाव टोचून देलं. आता लाइन लागते."

"त्यांची अक्षरं तुला येतात होय?"

"इंग्रजी अक्षरं आहेत, काका. नाव मंग कोनतं बी टोचता येते."

फोन ठेवल्यावर नत्थूनं मला ती गोष्ट पुन्हा सांगितली, जणू मी ऐकलीच नव्हती. नंतर गिऱ्हाइकांना सांगितली, चहावाल्याला सांगितली. चार दिवस तो तेच सांगत होता. पोराला सरकारनं पदक दिलं असतं तरी त्याला इतका आनंद झाला नसता.

फेब्रुवारीतला गुरुवार होता तो. लगनसराई, सावनेरच्या एका घरचं एक्कावन्न भांड्यांचं आंदण पायरीवर पसरलेलं. दुपारी माझा फोन वाजला. हिंदीत कुणी विचारलं, प्रशिक सोमकुवरच्या घरून बोलताय का. मी हो म्हणालो. काय म्हणणार? त्या माणसानं सावकाश, नीट सांगितलं. पाण्याच्या टँकरबरोबर जाताना त्यांच्या गाड्यांवर गोळीबार झाला. प्रशिकला लागलं. तो वाचला नाही.

मी पायरीवर गेलो. नत्थू परातीवर वाकला होता. मी त्याच्यासमोर बसलो आणि सांगितलं, "नत्थू, प्रशिक गेला." त्यानं ऐकलं, हे मी पाहिलं. त्यानं परातीवरचं नाव पुरं केलं. मग ताट घेतलं, त्याच्यावर लिहिलं. मग दुसरं ताट घेतलं. मी उठून बोर्डातून मशीनची पिन काढली. आवाज थांबला, तरी त्याचा हात स्टीलवर फिरतच राहिला. मला आजही ते आठवलं की दुकानात बसवत नाही.

पार्थिव आठ दिवसांनी सोनेगावच्या विमानतळावर उतरलं. कामठीहून जवान आले, बंदुकांची सलामी झाली, सगळी वस्ती घाटावर लोटली. अंजनाबाईचा आक्रोश ऐकवत नव्हता. नत्थू मात्र रडला नाही. आलेल्या माणसांना तो पाणी देत होता, म्हाताऱ्यांना खुर्च्या आणून देत होता, उन्हातून सावलीत बसवत होता. लोक म्हणाले, छातीचा माणूस आहे. मीही तसंच म्हणालो.

अंत्यसंस्कारानंतर पंधराव्या दिवशी तो कामावर आला. शनिवार होता. अकरा वाजता त्यानं मशीन बंद केली आणि काउंटरवरच्या माझ्या फोनकडे बघत बसला. दहा मिनिटं झाली, मशीन पुन्हा सुरू. पुढच्या शनिवारी तेच, त्याच्या पुढच्या शनिवारी तेच. मीही शनिवारी सकाळी फोन त्याला दिसेल असा ठेवू लागलो.

गिऱ्हाइकानं विचारलं, भाऊ, मुलंबाळं किती, तर नत्थू सांगायचा, "दोन. पोरगी पायल, तिले कळमेश्वरले देली. पोरगा मिलिटरीत आहे." नवं गिऱ्हाईक मान डोलवायचं, आणि मीही डोलवायचो. डब्यात वांग्याची भाजी असली की म्हणायचा, "प्रशिकले वांगं चालत नाई बावा." मला वाटायचं, ह्याच्यानं त्याला बरं वाटतं तर आपलं काय जातं? अशी दहा वर्षं गेली. माणुसकी दाखवतोय असा माझा समज होता.

मागच्या वर्षी दसऱ्याला पंधरा-वीस दिवस असताना अंजनाबाई दुकानात आली. दसऱ्याला, म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, दीक्षाभूमीवर गावोगावची माणसं येतात, आणि त्यांना जेवू घालायला नागपुरातल्या वस्त्या रस्त्यावर भोजनदानाचे मंडप टाकतात. सोमकुवरांच्या विहाराचाही मंडप असतो. सुट्टी जुळली की प्रशिक तिथं भात वाढायला उभा राहायचा, वाढताना प्रत्येकाला गाव विचारायचा आणि रांग अडवून धरायचा, असं अंजनाबाईच सांगते. तिनं सगळे मोठे गंज बोटांच्या पेरांनी वाजवून पाहिले, एक निवडला आणि म्हणाली, "मनोहरभाऊ, हा विहाराले द्याचा आहे. दहा वर्षं झाली. यावर प्रशिकचं नाव पाह्यजे. आन ते त्याच्या बाबाच्याच हातचं."

नत्थू पायरीवरून उठून कुठंतरी चहाला गेला होता. मी म्हटलं, "वहिनी, शहीद प्रशिक असं लिहू या. शोभेल."

"शहीद चौकाच्या पाटीवर आहे. तो साऱ्यायचा झाला. मले कालकथित पाह्यजे. माह्या सासऱ्याच्या नावाले लावलं, माह्या मायच्या नावाले लावलं, तसं. घरातलं मानूस गेलं म्हून लिहा."

मी नत्थूला तिचा निरोप दिला. तो हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, मशीनची सुई बोथट झाली. मी नवी सुई आणून दिली. मग व्होल्टेज कमी पडू लागलं. मग त्याचा खांदा दुखू लागला, पण तेवढ्यात दुसऱ्यांच्या शंभर भांड्यांवर नावं टाकून झाली. गंज खांबाशी तसाच उभा. येणारंजाणारं गिऱ्हाईक त्याचाच भाव विचारायचं. अंजनाबाई दर दोन दिवसांनी यायची, बघायची आणि परत जायची. शेवटी मी तिला म्हटलं, समोर कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत होईल, मी करून आणतो.

"नाई. त्यायनंच लिहाचं."

"अहो वहिनी, त्याच्याच्यानं होत नाही. कशाला त्याला त्रास?"

ती माझ्याकडे बघत राहिली. ते बघणं मला तेव्हा कळलं नाही. मला ती हट्टी वाटली, थोडी कठोरही वाटली. आज हे लिहिताना मला माझीच लाज वाटते.

दसऱ्याला तीन दिवस असताना नत्थू सकाळी लवकर आला. मी शटर उघडतोय तोवर त्यानं गंज आडवा केला, दोन्ही बाजूंनी विटा लावल्या आणि मशीन चालू केली. मी लांबच राहिलो. पाऊण तासानं आवाज थांबला. जाऊन पाहिलं. इतकं सुंदर अक्षर त्यानं आयुष्यात काढलं नसेल. लिहिलं होतं, "आयु. प्रशिक नत्थू सोमकुवर यांचेकडून विहारास सप्रेम दान."

आयु. म्हणजे हयात माणूस. त्याच्याकडून दान. ज्यानं मला कै. आणि कालकथित शिकवलं, त्यानं हे लिहिलं होतं. चुकून लिहिलं की मुद्दाम, ते मी विचारलं नाही. त्यालाही ठाऊक नसावं. मला ते फार आवडलं, हे कबूल करतो. बापाच्या दृष्टीनं पोरगा जिवंतच आहे, असं काहीतरी मी मनाशी म्हटलं आणि डोळे पुसले.

दहाच्या सुमारास अंजनाबाई आली. म्हातारपणी विहाराच्या वर्गात ती वाचायला शिकली, म्हणून एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचते. पहिल्या अक्षरावरच बोट थांबलं. तिनं पुन्हा पाहिलं. मग ओळ शेवटपर्यंत वाचली.

मी घाईघाईनं म्हटलं, "वहिनी, राहू द्या. किती छान वाटतं. राहू द्या तसंच."

"तुमाले छान वाटते, भाऊ," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुमाले दोघायलेबी दहा वर्षं छानच वाटून राहिलं. ह्यायचा पोरगा मिलिटरीत आहे. त्याले वांगं चालत नाई. आन मी? माहा पोरगा मेला. मी कोनासंग रडू? घरात रडली का हे उठून बाहेर जातात. दहा वर्षं एकटीनं रडून राहिली मी, जसा तो माह्या एकटीचाच होता."

नत्थू मान खाली घालून बसला होता. ती त्याच्याकडे वळली.

"तुमी लिहा. तो गेला म्हून तुमच्या हातानं लिहा. मंग मी बी समजन का त्याले बाप होता."

मी आत गेलो आणि त्याच मापाचा दुसरा गंज आणला. दुसरं मला काही सुचलं नाही. अंजनाबाई पायरीवर बसली. पदर खोचला, गंज आडवा घेतला आणि दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरला. "लिहा," म्हणाली.

नत्थूनं मशीन उचलली. अंजनाबाई फक्त गंज धरून बसली होती. मग त्यानं 'का' काढला. वाकडा आला. इतक्या वर्षांत त्याचं वाकडं अक्षर मी पहिल्यांदा पाहिलं. 'ल' आला. एरवी अख्खी ओळ लिहायला लागतो तेवढा वेळ त्या एका शब्दाला लागला. कालकथित प्रशिक नत्थू सोमकुवर यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ. खाली तिनं सांगितलं तसं, आई अंजनाबाई, वडील नत्थू.

मशीन थांबली. दोघंही उठले नाहीत. तिनं गंज अजून सोडला नव्हता.

"आता एक सांगा मले," ती म्हणाली. "शेवटच्या शनिवारी तो काय बोलला, ते तुमी घरी येऊन सांगितलं नाई. बरं आहे म्हणे, इतकंच बोलले. त्याच्या आधी तर सारं सांगत होते."

मला आठवत होतं, त्या शनिवारी दुकानात गर्दी होती आणि मी फोन नत्थूच्या हाती देऊन गिऱ्हाइकाकडे वळलो होतो. काय बोलणं झालं ते मलाही ठाऊक नव्हतं.

नत्थू गंजाकडे बघतच बोलला. "म्हणे, बाबा, आईसंग बोलाचं आहे. बहुत महिने झाले तिचा आवाज नाई ऐकला. मी म्हटलं, ती शाळेत असते या टाइमले. तो म्हणे, एक दिवस सुट्टी घ्याले सांगजा ना. मी म्हटलं, बरं. पुढच्या शनिवारी घेऊन येतो तिले."

पुढचा शनिवार यायच्या आधी गुरुवार आला होता.

"तू किती खेप म्हणे, मले बी दुकानात न्या म्हून," नत्थू म्हणाला. "मी म्हणो, तिथी बसाले जागा नाई."

जागा होती. आता त्याच पायरीवर ते दोघं बसले होते आणि मध्ये एवढा मोठा गंजही मावला होता. तेव्हा मी कधी म्हटलं नाही, नत्थू, एक दिवस वहिनींना घेऊन ये. मला सुचलंच नाही.

नत्थूचे खांदे हलू लागले. दहा वर्षांनी तो रडला, भर बाजारात, सकाळच्या गर्दीत. हमाल थांबले. समोरच्या दुकानातला मुलगा बाहेर येऊन उभा राहिला आणि मी हात केल्यावर आत गेला. अंजनाबाईनं गंज बाजूला सरकवला आणि नवऱ्याचा हात आपल्या हातात घेतला. त्याची बोटं मशीन धरल्यासारखीच वळलेली होती, ती तिनं एकेक करून उघडली.

"हे एकटेच घेऊन बसले तुमी इतके दिवस?"

त्यानं मान हलवली.

"बरं," ती म्हणाली. "आता बाकीचं बी सांगा. पहिला फोन आला तेव्हापासून. तुमी सांगत होते, पन मी भाकरी थापता थापता ऐको. आज सारं सांगा, मले कुठं जायचं नाई."

मी दोन चहा आणून पायरीवर ठेवले. नत्थूनं बाहीनं तोंड पुसलं आणि पहिल्या शनिवारपासून सांगायला सुरुवात केली.